इंग्रजी स्पेलिंगमधले ऱ्हस्व-दीर्घ

'रन' ह्या इंग्रजी क्रियापदाला 'आयएनजी' हा प्रत्यय लावताना 'एन' दोनदा लिहावा लागतो. 'होप'ला तोच प्रत्यय लावताना शेवटचा 'ई' काढून टाकावा लागतो, आणि 'क्राय'ला 'ईडी' लावताना 'वाय'चा 'आय' करावा लागतो. शाळेत इंग्रजी शिकलेल्या कोणालाही हे तीन नियम अपरिचित नाहीत. मुले ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि पुढे बहुधा विसरतात. असे का, हा प्रश्न वर्गात क्वचितच उठतो. उठलाच तर 'नियमच तसा आहे' ह्या उत्तराने तो मिटवला जातो. इंग्रजी स्पेलिंग ही निव्वळ लहर आहे, तिला तर्क नाही, ती घोकायचीच असते, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की इंग्रजी साहित्याचे पदव्युत्तर विद्यार्थीही तिच्यातून सुटत नाहीत.

आमचे म्हणणे नेमके उलट आहे. प्रत्यय लागताना इंग्रजी शब्दाच्या लेखनात जे फेरफार होतात, त्यांतील महत्त्वाचे फेरफार हे वस्तुतः ऱ्हस्व-दीर्घाचे नियम आहेत. ऱ्हस्व-दीर्घाशी लहानपणापासून झुंजणाऱ्या मराठी लिहिणाऱ्याला ते परके वाटण्याचे काही कारण नाही. ते परके वाटतात, कारण आपण ते उच्चार वगळून शिकवतो. आणि उच्चार वगळून शिकवलेल्या ह्याच नियमांच्या आधारे पुढे माणसांची पारख करतो. पहिली गोष्ट शैक्षणिक चूक आहे, दुसरी अन्याय आहे. ह्या लेखात इंग्रजी शब्द देवनागरीत आणि इंग्रजी अक्षरे त्यांच्या नावांनी लिहिली आहेत. वाचकांनी तो डोळ्यांइतकाच कानांनी वाचावा, अशी विनंती आहे.

प्रथम लिप्यांमधील मूलभूत भेद पाहू. देवनागरीत स्वराची नोंद मात्रेने होते. 'दिन' आणि 'दीन' ह्यांतील फरक दाखवण्यासाठी पुढच्या 'न'ला हात लावावा लागत नाही. वेलांटी बदलली की काम होते. इंग्रजीजवळ ही सोय नाही. रोमन लिपीत स्वरांची अक्षरे पाच, आणि इंग्रजीचे स्वर त्यांहून कितीतरी अधिक. म्हणून एकच 'ओ' 'हॉप'मध्येही येतो आणि 'होप'मध्येही. मग वाचणाऱ्याने कोणता स्वर म्हणायचा? इंग्रजीने ह्यावर उपाय शोधला तो असा, की स्वराची मात्रा स्वरावर न देता त्याच्या पुढच्या अक्षरांवर द्यायची. एकटे व्यंजन आणि त्यापुढे 'ई' असेल, तर मागचा स्वर दीर्घ. व्यंजनावर शब्द संपला, किंवा व्यंजन दोनदा आले, तर मागचा स्वर ऱ्हस्व. शब्दान्तीचा मुका 'ई' ही इंग्रजीची दुसरी वेलांटी आहे आणि दुहेरी व्यंजन ही पहिली. (येथे 'ऱ्हस्व' आणि 'दीर्घ' हे शब्द इंग्रजी शाळांतल्या रूढ अर्थाने घ्यावेत. आजच्या उच्चारात हा भेद केवळ कालमानाचा नाही, स्वराच्या गुणाचाही आहे.)

एवढे ध्यानात घेतले की प्रत्ययाचे नियम आपोआप उलगडतात. 'हॉप'ला 'आयएनजी' नुसते चिकटवले, तर एकट्या 'पी'पुढे स्वर येईल आणि वाचणारा 'होपिंग' म्हणेल. ते टाळण्यासाठी 'पी' दोनदा लिहायचा. 'होप'मधला मुका 'ई' मात्र गाळता येतो, कारण दीर्घत्व दाखवण्याचे त्याचे काम आता प्रत्ययातला 'आय' करतो. बेत आखणे ह्या अर्थाच्या 'प्लॅनिंग'मध्ये 'एन' दोन आणि लाकडावर रंधा मारणे ह्या अर्थाच्या 'प्लेनिंग'मध्ये एक, हा भेदही तोच. सर्वांत बोलके उदाहरण 'राइट' ह्या क्रियापदाचे. 'रायटिंग'मध्ये एक 'टी', 'रिटन'मध्ये दोन. आपले विद्यार्थी ह्या जोडीत हमखास गोंधळतात. वास्तविक येथे पाठ करण्याजोगे काहीच नाही. 'राय' दीर्घ म्हणून 'टी' एक, 'रि' ऱ्हस्व म्हणून 'टी' दोन. 'रीड'च्या 'रीडिंग'मध्ये 'डी' दोनदा येत नाही, कारण तिथला स्वर आधीच दोन अक्षरांनी लिहिलेला आहे. त्याला आणखी खुणेची गरज नाही.

मराठी विद्यार्थ्याची खरी अडचण येथेच सुरू होते, आणि ती त्याच्या अज्ञानातून नव्हे तर त्याच्या भाषेच्या श्रीमंतीतून येते. मराठीत द्वित्व खरोखर उच्चारले जाते. 'पका' आणि 'पक्का', 'कचा' आणि 'कच्चा' ह्यांतला फरक आपल्या जिभेला आणि कानाला जाणवतो. म्हणून इंग्रजीत दुहेरी अक्षर दिसले की आपण ते दुहेरी म्हणतो: 'सम्मर', 'हॅप्पी', 'रन्निंग'. इंग्रजी शब्दाच्या पोटात असे द्वित्व आज उच्चारले जात नाही. तिथले दुसरे अक्षर बोलण्यासाठी नाही. ते मागच्या स्वराकडे बोट दाखवण्यासाठी आहे. ही एक गोष्ट पहिल्या वर्षी सांगितली, तर पुढची कित्येक वर्षांची घोकंपट्टी वाचेल. पण ती सांगितली जात नाही. विद्यार्थी 'रन्निंग' म्हणतो, त्याच्या उच्चाराला हसले जाते. तो एका 'एन'ने लिहितो, तर त्याचे गुण कापले जातात. ह्या दोन चुकांचा परस्परसंबंध त्याला कोणी समजावून देत नाही.

गंमत अशी, की 'रन्निंग' म्हणणारा विद्यार्थी चुकत असला तरी त्याची चूक हजारएक वर्षांपूर्वी चूक ठरली नसती. जुन्या इंग्रजीत द्वित्व मराठीसारखेच उच्चारले जाई. 'सुन्ने' म्हणजे सूर्य आणि 'सुनु' म्हणजे मुलगा. दुसरा शब्द संस्कृत 'सूनु'चा सख्खा भाऊबंद आहे, हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेलच. पुढे मध्ययुगीन इंग्रजीच्या काळात दोन घडामोडी झाल्या. एक, अक्षर स्वरान्त असेल तर त्यातला ऱ्हस्व स्वर दीर्घ होऊ लागला. दोन, उच्चारातले द्वित्व आणि शब्दान्तीचा 'ई' हे दोन्ही ओसरत गेले. सुमारे १४०० पर्यंत, म्हणजे चॉसरच्या मृत्यूच्या सुमारास, हा अन्त्य 'ई' बोलण्यातून बव्हंशी गेलेला होता. ध्वनी गेले, अक्षरे राहिली. आणि निरुद्योगी झालेल्या ह्या अक्षरांना स्वराची मात्रा सांगण्याचे नवे काम मिळाले. पंधराव्या शतकापासून दीर्घ स्वरांचे उच्चार मोठ्या प्रमाणावर सरकले, तेव्हा ह्या खुणा अधिकच आवश्यक ठरल्या.

ह्या इतिहासात दोन माणसे आहेत आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांनी त्यांची ओळख करून घ्यावी असे आम्हांस वाटते. पहिला ऑर्म नावाचा बाराव्या शतकातील धर्मसेवक. त्याने 'ऑर्म्युलम' हा पद्यग्रंथ रचला. त्याच्या उरलेल्या भागात सुमारे १९,००० ओळी आहेत आणि त्याचे एकमेव हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. काव्य म्हणून तो ग्रंथ कंटाळवाणा आहे, ह्यावर समीक्षकांचे एकमत आढळते. परंतु ज्या व्यंजनाने अक्षर बंद होते आणि मागचा स्वर ऱ्हस्व असतो, तिथे ऑर्म ते व्यंजन नेमाने दोनदा लिहितो, आणि नक्कल करणाऱ्यानेही ते दोनदाच लिहावे असे बजावतो. प्रवचन मोठ्याने वाचणाऱ्याने ते नीट वाचावे, हा त्याचा हेतू असावा. दुसरा माणूस रिचर्ड मुलकॅस्टर, लंडनच्या मर्चंट टेलर्स शाळेचा मुख्याध्यापक. एडमंड स्पेन्सर हा कवी ह्याच शाळेचा विद्यार्थी. १५८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात मुलकॅस्टरने शब्दान्तीच्या 'ई'ला दीर्घत्वाची खूण म्हणून नियमित स्थान दिले. एक प्रवचनकारांसाठी लिहिणारा, दुसरा मुलांना शिकवणारा. दोघांनीही अक्षराचा विचार वाचणाऱ्याच्या मुखाकडे पाहून केला. नियम जन्मला तो असा. आपल्याकडे पोहोचेपर्यंत त्यातले मुख गळून गेले आणि उरली ती तालिका.

एकाहून अधिक अक्षरांच्या शब्दांत हा नियम आणखी सूक्ष्म होतो, आणि तिथे आपली खरी परीक्षा आहे. 'प्रिफर'चे 'प्रिफर्ड' करताना 'आर' दोन. 'ऑफर'चे 'ऑफर्ड' करताना एक. भेद आघाताचा आहे. 'प्रिफर'मध्ये आघात शेवटच्या अक्षरावर, 'ऑफर'मध्ये पहिल्यावर. आणि 'प्रिफर'पासून 'प्रेफरन्स' हे नाम साधले की आघात पहिल्या अक्षरावर सरकतो आणि 'आर' पुन्हा एकटा पडतो. ही रचना इतकी तर्कशुद्ध आहे की तिचे कौतुक वाटावे. पण तिच्यासाठी आघात ऐकू यावा लागतो. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ किंवा लेखन बदलत नाही, त्यामुळे आपला कान त्याकडे लक्ष देत नाही. इंग्रजी शब्दकोशात आघाताची खूण छापलेली असते. ती पाहण्याची सवय किती वर्गांत लावली जाते? ज्याला आघात ऐकवलाच नाही त्याच्याकडून आघाताधारित नियमाची अपेक्षा करणे म्हणजे सूर न ऐकवता राग ओळखायला सांगण्यासारखे आहे.

सगळेच नियम ध्वनीचे आहेत, असा आमचा दावा नाही. 'हॅव्ह'चे 'हॅविंग' करताना 'ई' जातो, पण तिथे दीर्घ स्वर मुळीच नाही. 'व्ही'वर शब्द संपवायचा नाही ह्या जुन्या लेखनसंकेतामुळे तो 'ई' तिथे आलेला असतो. 'वाय' आणि 'आय' ह्यांची अदलाबदल तर शुद्ध डोळ्यांची बाब. ही दोन अक्षरे एकाच स्वरासाठी वापरली जात, आणि शब्दाच्या शेवटी 'वाय', मध्ये 'आय' अशी वाटणी रूढ झाली. 'क्राइड'मध्ये 'आय' येतो, पण 'क्राइंग'मध्ये 'वाय' टिकतो, कारण दोन 'आय' शेजारी नकोत. काही ठिकाणी अर्थाचा गोंधळ टाळला जातो. मरणे ह्या अर्थाच्या 'डाय'चे 'डाइंग' होताना 'आय' आणि 'ई' जाऊन 'वाय' येतो. रंगवणे ह्या अर्थाच्या 'डाय'चे 'डाइंग' लिहिताना 'ई' राखला जातो. 'नोटिसेबल'मधला 'ई' 'सी'चा 'स' हा उच्चार राखण्यासाठी, 'पिकनिक'ला 'आयएनजी' लावताना आलेला 'के' 'सी'चा 'क' हा उच्चार राखण्यासाठी. म्हणजे कान, डोळा आणि अर्थ ह्या तिघांच्या ओढाताणीत हे लेखन घडलेले आहे. त्याला गुंतागुंतीचे म्हणावे. निर्बुद्ध म्हणू नये.

आता मराठीकडे वळणे भाग आहे, कारण हाच प्रश्न आपल्या घरातही आहे. 'फूल'ला 'ला' लागला की 'फुलाला' होते, 'गरीब'चे 'गरिबाला', 'वकील'चे 'वकिलाने'. प्रत्ययापूर्वीच्या सामान्यरूपात उपान्त्य स्वर ऱ्हस्व होतो, आणि लेखन त्याची नोंद करते. 'घसा'चे 'घशाला' होते, कारण ध्वनीच बदलतो. सर्वांत लक्षणीय म्हणजे 'रक्कम'चे 'रकमेला' आणि 'छप्पर'चे 'छपराला'. इंग्रजीत प्रत्यय लागताना व्यंजन दुहेरी होते, येथे दुहेरी व्यंजन एकेरी होते. इंग्रजीत अक्षर बदलते ते ध्वनी टिकावा म्हणून. मराठीत अक्षर बदलते ते ध्वनी बदलला म्हणून. दोन्हीकडे साक्षीदार कानच. मराठी साहित्य महामंडळाच्या ज्या १४ नियमांना १९६२ मध्ये शासनाची मान्यता मिळाली आणि ज्यांत १९७२ मध्ये आणखी चारांची भर पडली, त्यांतील सामान्यरूपाविषयीचे नियम ह्या दृष्टीने पुन्हा वाचून पाहावेत.

मात्र एक नियम कानावर अवलंबून नाही. 'गरीब'चे 'गरिबाला' होते, पण 'शरीर'चे 'शरीराला'च राहते, कारण 'शरीर' तत्सम आहे. येथे विद्यार्थ्याला शब्दाचे कूळ ठाऊक असावे लागते. ज्याच्या घरी संस्कृतचा वारा नाही, त्याने ते कुठून आणायचे? इंग्रजीत आघात आणि मराठीत तत्समत्व, ह्या दोन्ही गोष्टी ज्याच्या परिसरात आयत्या असतात त्याला नियम 'सहज' येतो. इतरांना तो घोकावा लागतो. आणि मग सहज येणाऱ्याला आपण 'शुद्ध' म्हणतो. 'शुद्धलेखन' ह्या शब्दातली ही शुद्धता भाषिक कमी आणि सामाजिक अधिक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुले आज तिशीत आहेत. त्यांच्या पिढीतल्या कितीतरी जणांना अर्जातल्या एका अक्षराच्या चुकीने संकोच वाटायला शिकवले गेले. ते अक्षर तिथे का असते, हे मात्र शिकवले गेले नाही.

ह्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की नियम ढिले केले की भाषा बिघडते. आम्ही नियम ढिले करा असे म्हणत नाही. तरीही प्रमाण मानल्या जाणाऱ्या रूपांतही किती लवचीकता आहे, हे शिक्षकांनी ओळखावे. 'ट्रॅव्हल'मध्ये आघात पहिल्या अक्षरावर आहे. नियमाने 'एल' दुहेरी होण्याचे कारण नाही. ब्रिटिश लेखनात तो दुहेरी होतो, तर नोआ वेबस्टरच्या १८२८ च्या शब्दकोशाने हा अपवाद नाकारला आणि अमेरिकेत एकच 'एल' रूढ झाला. आपल्याकडे ब्रिटिश रूप शिकवतात. संगणकाची भाषा अमेरिकी इंग्रजी ठेवलेली असली, तर तो त्याच रूपाखाली लाल रेघ मारतो. वर्गात ज्याला चूक म्हटले तेच यंत्र बरोबर म्हणते, ह्याने विद्यार्थी चक्रावतो. दुसरीकडे, वरून आज्ञा देऊन लेखन बदलता येत नाही हेही खरे. १९०६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ह्यांनी ३०० शब्दांची सुलभ रूपे सरकारी मुद्रणात वापरण्याचा आदेश दिला. त्यांत 'किस' आणि 'ड्रॉप' अशा क्रियापदांच्या भूतकाळी रूपांत 'ईडी'ऐवजी उच्चाराप्रमाणे 'टी' लिहिणेही होते. त्याच वर्षी काँग्रेसच्या विरोधामुळे तो आदेश मागे घ्यावा लागला. प्रत्यय उच्चारात वेगवेगळा झाला तरी डोळ्यांना एकसारखा दिसावा, ही वाचकांची गरज बरीच खोल असावी.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. इतिहास ऐकण्यास वेळ कोणाला आहे? नोकरीच्या अर्जात चूक नको, एवढेच पाहिजे. आमचे उत्तर असे, की नेमके त्यासाठीच कारण सांगावे. पाठ केलेली यादी परीक्षेनंतर उडून जाते. 'रायटिंग' आणि 'रिटन' मोठ्याने म्हणून ज्याने एकदा 'टी' मोजला, त्याला यादी लागत नाही.

म्हणून साहित्याच्या शिक्षकांपुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. एक, प्रत्ययाचा नियम सांगण्यापूर्वी शब्दांची जोडी वर्गाकडून मोठ्याने म्हणून घ्यावी, आणि दुहेरी अक्षर दुहेरी उच्चारायचे नाही हे त्याच वेळी सांगावे. दोन, भाषेच्या इतिहासाचा जो भाग पदवीच्या अभ्यासक्रमात तारखांच्या यादीसारखा शिकवला जातो, तो ह्या रोजच्या अक्षरांशी जोडावा. ऑर्मचे नाव एका गुणाच्या प्रश्नापुरते राहू नये. तीन, आणि हे आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते, उत्तरपत्रिका तपासताना दोन प्रकारच्या चुका एका मापाने मोजू नयेत. 'हॉपिंग'च्या जागी 'होपिंग' लिहिले गेले तर वाचणारा फसतो; ती चूक खरी. 'ट्रॅव्हलिंग'मध्ये 'एल' एक की दोन, ह्याने कोणीही फसत नाही. तिथे समासात खूण करावी, गुण कापू नये. मराठीतही 'शरिराला' लिहिणाऱ्याला शब्दाचे कूळ सांगावे. त्याचे स्वतःचे कूळ काढू नये.

अक्षर हे मुळात बोललेल्याची नोंद आहे. नोंद नीट असावी हा आग्रह योग्यच. पण ज्याला बोललेले ऐकवलेच नाही, त्याच्या नोंदीतल्या चुका मोजण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, ह्याचा विचार तांबडी शाई हाती घेण्यापूर्वी आपण शिक्षकांनी करावा.